राखीव छत्रीची परीक्षा

स्कायडायव्हिंग करणाऱ्याच्या पाठीवर बोचकं एकच दिसतं, पण त्यात छत्र्या दोन असतात. पहिली मेन, म्हणजे रोजच्या उडीची. ती बहुतेक जण स्वतःच भरतात आणि अमेरिकेच्या नियमांना ते चालतं, फक्त त्या छत्रीने पुढची उडी भरणाऱ्यानेच मारायची. दुसरी राखीव, पहिलीने दगा दिला तर कामी येणारी. ती भरून सही करायचा हक्क एफएए या तिथल्या विमान वाहतूक खात्याकडून रिगरचा परवाना मिळालेल्या माणसालाच असतो. या परवान्याच्या परीक्षेबद्दलचे निम्मे गैरसमज दोन छत्र्यांची गल्लत केल्यामुळे होतात.

उदाहरणार्थ, "शेकडो वेळा पॅकिंग केलंय, मला आता काय शिकायचंय?" दोन उड्यांच्या मधल्या वेळात घाईघाईने भरलेल्या मेनचा इथे उपयोग नाही. सीनियर रिगर, म्हणजे परवान्याची पहिली पायरी, व्हायचं तर ज्या प्रकाराचं रेटिंग हवं त्या प्रकाराची किमान २० पॅराशूट भरलेली असावी लागतात, तीही उत्पादकाच्या सूचनेबरहुकूम आणि तेच रेटिंग असलेल्या रिगरच्या देखरेखीखाली. या अनुभवाचा पुरावा आधी द्यायचा, मग लेखी परीक्षा, त्यानंतर तोंडी आणि प्रात्यक्षिक. "आधी लेखी उरकून घेऊ, पॅकिंग नंतर बघू" हा बेत त्यामुळे फसतो.

इथे 'प्रकार' म्हटलं की नवखे लोक गोल छत्री की चौकोनी छत्री, असा विचार करतात. नियमातले चार प्रकार आहेत सीट, बॅक, चेस्ट आणि लॅप, म्हणजे पॅक अंगावर कुठे बसतो त्यावरून. स्कायडायव्हरचा सगळा संसार पाठीवर, म्हणून त्याला बॅक रेटिंग लागतं. आणि हो, रिगर व्हायला स्वतः विमानातून उडी मारलेली असण्याची अट नाही. वय १८ पूर्ण हवं आणि इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता यायला आणि समजायला हवं.

लेखी परीक्षेचा बाऊ फार केला जातो. तीन पर्यायांतून एक निवडायचा, ७० टक्के मिळाले की पास. अभ्यासाला एफएएचंच 'पॅराशूट रिगर हँडबुक' आहे. खरा कस प्रात्यक्षिकात लागतो.

तिथेही पहिला गैरसमज वेगाचा. सराईत माणूस मेन दहा-पंधरा मिनिटांत भरतो. राखीव छत्री तपासून भरायची म्हणजे काही तासांचं काम, आणि लवकर आटोपल्याबद्दल कोणी पाठ थोपटत नाही. दुसरा गैरसमज पाठांतराचा. उत्पादकाचं पुस्तक न उघडता छत्री भरून दाखवली तर परीक्षक खूष होईल असं वाटतं. पण नियमाची मागणीच उत्पादकाच्या चालू सूचनांप्रमाणे काम करण्याची आहे. मला तर ही परीक्षा हातापेक्षा वाचण्याच्या सवयीची वाटते. पुस्तक टेबलावर उघडं ठेवून एकेक पायरी ताडून पाहणारा उमेदवार कच्चा नसतो, तो नियमाला धरून चाललेला असतो.

टेबलाचंही माप ठरलेलं आहे. परवानाधारकाला किमान ३ फूट रुंद आणि ४० फूट लांब गुळगुळीत टेबल उपलब्ध असावं लागतं. त्यावर छत्री आणि दोऱ्या ताणून धरायच्या, कापड शिवणीशिवणीने बघायचं, घड्या घालून पिशवीत बसवायचं. पॅक मिटताना लूप धरून ठेवायला तात्पुरती पिन खुपसतात आणि तिला लाल फीत बांधलेली असते, कारण ही पिन आत विसरली तर राखीव छत्री उघडणारच नाही. म्हणून काम सुरू करताना हत्यारं मोजायची आणि संपल्यावर पुन्हा मोजायची. मोजणी जुळली नाही तर भरलेला पॅक उघडायचा.

शेवटी लागतं ते सील. बघणाऱ्याला वाटतं की सीलने पॅक कुलूपबंद झाला. प्रत्यक्षात तो मुद्दाम कमजोर निवडलेला लाल सुती दोरा असतो, हँडल ओढताच तुटणारा. त्यावर शिशाचा मणी दाबून रिगरला नेमून दिलेली खूण उमटवायची. दोरा शाबूत म्हणजे मधे कोणी ढवळाढवळ केलेली नाही, एवढंच तो सांगतो. मजबूत दोरा वापरून 'जास्त सुरक्षित' करू पाहणारा उलट जीव धोक्यात घालेल.

नजरेने तपासलं की झालं, हाही समज सोडून द्यावा. १९८० च्या दशकात काही गोल राखीव छत्र्यांची जाळी आम्लधर्मी निघाली. तिच्यामुळे शेजारचं कापड आतून दुबळं व्हायचं, वरून मात्र छत्री ठणठणीत दिसायची. तेव्हापासून अशा छत्र्यांवर ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचा थेंब टाकून रंग बघतात, पिवळा आला तर आम्ल, आणि कापड ताणूनही पाहतात. उत्पादकाची पत्रकं चाळायची ती यासाठी.

प्रात्यक्षिकात शिवणही येते, पण सीनियरला किरकोळ दुरुस्तीचीच मुभा असते. मोठी दुरुस्ती आणि फेरफार हे मास्टर रिगरचं काम. त्यासाठी तीन वर्षांचा अनुभव आणि दोन प्रकारांची प्रत्येकी १०० पॅराशूट. तोंडी परीक्षेत आपली हद्द कुठे संपते हे नेमकं सांगता आलं पाहिजे. परवान्याला मुदत नाही हे खरं, पण गेल्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस रिगरचं काम केलेलं नसेल, तर पात्रता पुन्हा सिद्ध केल्याशिवाय तो वापरता येत नाही.

जुन्या प्रश्नसंचांपासून जरा सांभाळून. कृत्रिम धाग्याची राखीव छत्री पूर्वी दर १२० दिवसांनी उघडून पुन्हा भरावी लागे, २००८ च्या अखेरीस ही मुदत १८० दिवस झाली. रेशमी असेल तर ६० दिवसच. हाताशी असलेल्या संचात नायलॉनच्या छत्रीसाठी १२० हे बरोबर उत्तर छापलेलं असेल, तर त्यातल्या बाकीच्या उत्तरांवरही विसंबू नका. दुसरा संच मिळवा.