सरावात तळपणारी बॅट सामन्यात थंड का?

सरावाच्या वेळी प्रशिक्षकांनी टाकलेला चेंडूमागून चेंडू सणसणीत टोलावणारी बारा-तेरा वर्षांची मुलगी सामन्यात तीनदा फलंदाजीला उतरते आणि तिन्ही वेळा मान खाली घालून परतते. सॉफ्टबॉलच्या मैदानावर हे दृश्य नवे नाही. असे दोन-तीन सामने झाले की मैदानाबाहेर बसलेल्या वडीलधाऱ्यांचे निदानही ठरलेले असते. 'हिला दडपण येते', 'हिच्यात आत्मविश्वासच नाही'. हे बोल कधी ना कधी मुलीच्या कानावर जातात, हळूहळू तिलाही ते पटू लागतात आणि पुढच्या हंगामात ती मैदानावर दिसेनाशी होते.

सामन्यात दडपण असते, यात शंका नाही. तथापि, कौशल्ये कशी आत्मसात होतात याविषयी गेल्या काही दशकांत झालेले संशोधन पाहता, मुलीच्या मनात दोष शोधण्याआधी तिच्या सरावाची आखणी तपासणे अधिक सयुक्तिक ठरते. सरावात तिच्याकडून जे काम करून घेतले जाते आणि सामन्यात जे काम तिच्यापुढे येते, ती दोन कामे पुष्कळदा वेगळीच असतात. महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धांमध्येही सॉफ्टबॉलचा समावेश असल्याने हा प्रश्न येथील पालक आणि क्रीडाशिक्षकांनाही परका नाही.

अर्ध्या सेकंदाचा खेळ

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर आणि होम प्लेट यांच्यातील अंतर ४३ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर असते. लहान वयोगटांत ते याहून कमी ठेवले जाते. पिचर लांब पाऊल पुढे टाकून कमरेजवळून चेंडू सोडते, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात साडेअकरा मीटरच्या आसपासच अंतर कापायचे असते. चेंडूचा वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर तो सुमारे अर्ध्या सेकंदात प्लेटवर पोहोचतो. बॅट फिरवण्यातच त्यातील जवळपास तिसरा हिस्सा खर्च होतो. चेंडू वेगवान आहे की मुद्दाम संथ टाकलेला, तो वर येतो की खाली, आणि मुळात तो खेळायचा की सोडायचा, हे सारे उरलेल्या क्षणार्धात ठरवावे लागते.

चेंडू ओळखण्याची ही कला किती मोलाची आहे, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या एका प्रदर्शनी सामन्यात अमेरिकेच्या सॉफ्टबॉल संघातील पिचर जेनी फिंच हिने अल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा यांसारख्या बेसबॉलमधील मातब्बर फलंदाजांना तंबूत धाडले. त्यांच्याकडे ताकदीची वा बॅटच्या वेगाची उणीव नव्हती. परंतु त्यांची नजर वर्षानुवर्षे खांद्यावरून येणारा चेंडू वाचण्यास सरावली होती. कमरेजवळून सुटणाऱ्या चेंडूच्या खाणाखुणा त्यांना परक्या होत्या. जगातील उत्तम फलंदाजांचीही अशी गत होत असेल, तर ज्या मुलीने सरावात खऱ्या पिचरचा हात क्वचितच पाहिला आहे, तिने सामन्यात तो लीलया वाचावा ही अपेक्षा अवाजवी म्हणावी लागेल.

सरावाची फसवी चमक

सर्वसाधारण सराव कसा चालतो? स्टँडवर, म्हणजे टीवर ठेवलेला चेंडू मारणे, प्रशिक्षकांनी जवळून हळूच टाकलेले चेंडू मारणे आणि सोय असेल तेथे यंत्रातून सुटणारे चेंडू मारणे. बॅटची चाल घोटून घेण्यासाठी या पद्धती उपयुक्तच आहेत. मात्र, त्यांत चेंडू कोठे आणि किती वेगाने येणार हे मुलीला आधीच ठाऊक असते. पाच-सहा चेंडूंनंतर तिची लय जमते, फटके खणखणीत बसू लागतात आणि सर्वांना समाधान वाटते. यात निर्णय घेण्याची वेळ तिच्यावर एकदाही आलेली नसते.

या संदर्भात अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलपटूंवर झालेला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. तीस खेळाडूंचे तीन गट करण्यात आले. त्यांपैकी दोन गटांना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा जादा सराव देण्यात आला. प्रत्येक वेळी ४५ चेंडू : १५ वेगवान, १५ वळणारे आणि १५ संथ. एका गटाला एका प्रकारचे सर्व चेंडू सलग मिळत, तर दुसऱ्या गटाला तिन्ही प्रकार मिसळून, कोणताही क्रम न ठेवता टाकले जात. तिसऱ्या गटाला जादा सराव नव्हता. अखेरीस, सामन्याप्रमाणे मिसळून टाकलेल्या चेंडूंवर परीक्षा झाली. तीत मिसळून सराव करणाऱ्यांची प्रगती सुमारे ५७ टक्के, सलग सराव करणाऱ्यांची सुमारे २५ टक्के, तर जादा सराव न करणाऱ्यांची केवळ ६ टक्के भरली.

हा प्रयोग प्रौढ आणि तयारीच्या खेळाडूंवर झालेला होता, हे लक्षात ठेवायला हवे. ज्या मुलीला बॅट धरणेही नीट जमत नाही, तिच्यावर पहिल्याच दिवशी नाना तऱ्हेच्या चेंडूंचा मारा करण्यात अर्थ नाही. तिला आधी सोपे, सलग चेंडूच हवेत. परंतु चाल बसल्यानंतरही महिनोन्‌महिने तेच चालू राहिले, तर सरावातील यश हा केवळ आभास ठरतो. रॉबर्ट ब्यॉर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्या वेळेपुरती दिसणारी कामगिरी आणि टिकाऊ शिक्षण यांत भेद केला, तो नेमका येथे लागू पडतो. सराव थोडा अवघड केला की त्या दिवशीचे फटके कमी होतात, पण शिकलेले टिकते.

सरावात सामना कसा आणावा?

यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे चेंडूंचा क्रम मोडणे. प्रशिक्षकांनी वेग, उंची आणि दिशा न सांगता बदलावी. मधूनच प्लेटपासून दूर जाणारा, सोडून देण्याजोगा चेंडू टाकावा आणि तो मुलीने सोडला तर तिला उत्तम फटक्याइतकीच शाबासकी द्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे बॅट न फिरवता चेंडू पाहण्याचा सराव. संघातील पिचर सराव करीत असताना फलंदाजाने हेल्मेट घालून प्लेटजवळ उभे राहावे आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात शिरण्याआधी 'स्ट्राइक' किंवा 'बॉल' असे मोठ्याने सांगावे. या वेळी नजर पिचरच्या कमरेजवळ, चेंडू सुटतो त्या जागी असावी. दहा-पंधरा मिनिटांच्या या सरावाने पिचरचा हात हळूहळू ओळखीचा होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. सरावात मुलगी दहा मिनिटांत चाळीस-पन्नास चेंडू खेळते. एक चुकला तर पुढचा लगेच हजर असतो. सात इनिंगच्या सामन्यात तिला जेमतेम तीन-चार संधी मिळतात आणि दोन संधींमध्ये बराच वेळ क्षेत्ररक्षणात किंवा बाकावर जातो. अंग थंड झालेले असताना पहिल्याच चेंडूला सज्ज राहणे हेही एक कौशल्य आहे आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो. म्हणून आठवड्यातून एखाद्या दिवशी प्रत्येकीला एकच संधी द्यावी. 'तिसऱ्या बेसवर धावपटू आहे, एक खेळाडू बाद आहे, दोन स्ट्राइक झाल्या आहेत' अशी स्थिती सांगावी. कोणीतरी अंपायर व्हावे, बाकीच्या मुलींनी क्षेत्ररक्षण करावे. संधी संपली की तिने पंधरा मिनिटे क्षेत्ररक्षणाला जावे आणि मग पुन्हा यावे. साऱ्यांच्या नजरा आपल्याकडे लागल्या आहेत, ही भावना सरावातच अंगवळणी पडली की सामन्यात तिचा धाक उरत नाही.

प्लेटजवळची शांतता

सामन्यात मुलगी प्लेटजवळ उभी राहिली की चहूकडून सूचनांचा भडिमार सुरू होतो. 'कोपर वर घे', 'खांदा पाडू नकोस', 'गुडघा वाकव'. हेतू चांगला असला तरी परिणाम उलट होण्याचा संभव असतो. संशोधक रॉब ग्रे यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बेसबॉल फलंदाजीच्या प्रयोगांत असे आढळले, की कुशल खेळाडूंचे लक्ष स्वतःच्या हालचालींकडे वळवले की त्यांची कामगिरी घसरते. जी क्रिया सवयीने होत असते, ती जाणीवपूर्वक तपासू लागले की अडखळते. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करणाऱ्याची जी अवस्था, तीच येथे.

तंत्रातील दुरुस्ती सरावासाठी राखून ठेवावी. सामन्यात मुलीच्या हाती एक छोटा, ठरलेला क्रम असावा. चौकटीबाहेर उभे राहून एक दीर्घ श्वास, आपण कोणता चेंडू खेळणार याची मनाशी उजळणी आणि मग चौकटीत येऊन नजर थेट पिचरच्या हाताकडे. हा क्रम सरावातल्या प्रत्येक संधीपूर्वी केलेला असला, तरच तो सामन्यात आधार देतो.

एवढे करूनही फटके बसत नसतील, तर साध्या कारणांची खातरजमा करावी. बॅट वयाच्या मानाने जड आहे का, दृष्टी तपासली आहे का, एखादा चेंडू पूर्वी अंगावर बसल्याची भीती मनात आहे का? भीती असेल तर मऊ चेंडूवर अंग वळवून चुकवण्याचा सराव देणे हाच सुज्ञ उपाय होय. 'घाबरू नकोस' एवढे म्हटल्याने भीती जात नाही.

आकडे आणि घरी परततानाचा प्रवास

सॉफ्टबॉलमध्ये दहा संधींत तीन यशस्वी फटके ही चांगली कामगिरी समजली जाते. अशा चांगल्या खेळाडूला एका सामन्यात तीन संधी मिळाल्या, तर तिन्ही वाया जाण्याची शक्यता साध्या गणिताने सुमारे ३४ टक्के येते. म्हणजेच सरासरी तीनपैकी एका सामन्यात तिच्या नावापुढे भोपळा लागणे स्वाभाविक आहे. एक-दोन सामन्यांवरून 'मुलीचा फॉर्म गेला' असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते. तिने योग्य चेंडू निवडला का, वाईट चेंडू सोडला का, बॅटला चेंडू नीट लागला का, याची नोंद ठेवली तर प्रगतीचे खरे चित्र दिसते. सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात गेलेला खणखणीत फटका धावफलकावर अपयश दिसतो, फलंदाजीच्या दृष्टीने तो यशच असतो.

प्रौढांच्या वागण्याचा प्रभाव किती दूरवर जातो, हे अमेरिकेतील बार्नेट, स्मॉल आणि स्मिथ यांच्या १९९२ मधील अभ्यासाने दाखवून दिले. लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांपैकी काहींना प्रोत्साहनाची आणि चुकीनंतर धीर देण्याची पद्धत शिकवण्यात आली. पुढच्या हंगामात त्यांच्या संघांतील केवळ ५ टक्के मुलांनी खेळ सोडला. इतर संघांत हेच प्रमाण २६ टक्के होते.

सामना संपल्यावर घरी परततानाचा प्रवास म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. तेथे चुकांची उजळणी नको. 'आज खेळताना मजा आली का' एवढा प्रश्न पुरेसा असतो, आणि तिला बोलायचे नसेल तर तोही नको. फटक्यांचा हिशेब दोन दिवसांनी प्रशिक्षकांसमवेत, सरावाच्या मैदानावर मांडता येईल. बॅट आज थंड राहिली तरी पुढच्या सामन्यात ती तळपू शकते. मात्र, त्यासाठी ती हाती घेण्याची मुलीची ओढ कायम राहायला हवी.