मृतदेहच नाही, मग खून कसला?

मृतदेह सापडला नाही की आरोपी सुटलाच, ही समजूत इतकी पक्की आहे की गुन्हेगारही तिच्यावर विसंबतात. प्रत्यक्षात कायद्याला सिद्ध करून हवा असतो मृत्यू. मृतदेह हा त्याचा सर्वांत भक्कम पुरावा, पण एकमेव नव्हे. रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच हे स्पष्ट केलं.

तरीही न्यायाधीश इथे जपूनच पाऊल टाकतात, आणि ते रास्त आहे. इंग्लंडमधल्या कॅम्पडेन गावातून १६६० साली विल्यम हॅरिसन हा कारभारी नाहीसा झाला. त्याच्या खुनाबद्दल तिघांना फासावर चढवलं गेलं. १६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परतला.

दुसरा गैरसमज : परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे लंगडा पुरावा. पुण्याचे दोन जुने खटले शेजारी ठेवून पाहावेत. डॉ. अनंत लागू प्रकरणात बेपत्ता झालेली विधवा मुंबईच्या रुग्णालयात भलत्याच नावाने दाखल होऊन मरण पावली होती. शरीरात विष आढळलं नाही. पण ती हयात असल्याचा देखावा डॉक्टरने बनावट पत्रांतून पुढे चालवला आणि तोच त्याच्या अंगाशी आला. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये त्याची खुनाबद्दलची शिक्षा कायम केली. उलट शरद सारडा प्रकरणात मृतदेहही होता, सायनाइडही होतं; खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिलेली होती. तरी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आरोपी निर्दोष सुटला. परिस्थितीच्या साखळीतून आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा कुठलाच तर्क निघता कामा नये, ही कसोटी याच निकालाने पाच सूत्रांत बांधून दिली.

मृतदेह नसताना साखळीची पहिली कडी असते ती माणूस आता हयात नाही, ही. बँकेच्या खात्याला हात लागलेला नाही, पासपोर्ट कपाटात आहे, पोटच्या मुलाला एक फोन नाही : असं साचत गेलं की मृत्यूचा निष्कर्ष अटळ होतो.

‘आरोपीने पोलिसांना सगळं सांगितलंय’ ही बातमी वाचून तर अनेकांना खटला संपल्यासारखाच वाटतो. पण पोलिसांसमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्यातून काही हाती लागलं, तर तेवढ्यापुरता भाग ग्राह्य. ‘खाडीत टाकलं’ असं तो म्हणाला आणि खाडीत काहीच मिळालं नाही, तर त्या वाक्याची न्यायालयात किंमत शून्य.

‘बेपत्ता माणूस शेवटचा आरोपीसोबत दिसला’ हेही एकटं पुरत नाही. सोबत दिसण्याची वेळ आणि मृत्यूची वेळ यांत फार अंतर नसावं लागतं, आणि मृतदेहच नसेल तर मृत्यूची वेळ सांगणार कोण? मग मोबाइलच्या नोंदी आणि लोकेशन यांच्यावर भार येतो.

सात वर्षं थांबण्याची अट? ती वारसा, विमा अशा दिवाणी बाबींत मृत्यू गृहीत धरण्यासाठी. खुनाच्या खटल्याला ती लागू नाही. बेपत्ता झाल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबायचंही कारण नाही.

मृतदेहाविना शिक्षा झाल्याचं एक उदाहरण : सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. वसईच्या खाडीत शोध घेऊनही मृतदेह मिळाला नाही. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्यांच्या खुनाबद्दल तत्कालीन पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकरला जन्मठेप सुनावली. पुरावा नष्ट करण्यात मदत केल्याबद्दल दोघांना शिक्षा झाली. चौथा आरोपी निर्दोष सुटला.