खेळाची पारख आणि पात्रांची निवड



जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव तमाशाची पंढरी म्हणून सर्वश्रुत आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला कीं तेथें फडांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगांवच्या खेड्यांतील गांवकरी सुपारी ठरवावयास येतात. याच कलेंत एके काळीं स्त्रीची भूमिका पुरुष करी. त्यास नाच्या म्हणत. पुढें स्त्रिया फडांत आल्या, आणि नारायणगांवच्या विठाबाईंनीं (१९३५–२००२) तर स्वतःच्या नांवाचा फड गाजविला. आतां नाच्याच्या काळचा तमाशा केवळ त्यांत स्त्री नव्हती म्हणून निकृष्ट ठरवावा काय? ढोलकीची थाप, लावणीची चाल, वगाची बांधणी यांचें मोल तेवढ्यानें नाहींसें होत नाहीं. परंतु विठाबाईंसारखी कलावती फडावर उभी राहिल्यावर, पूर्वीं कशाची उणीव होती हेंही झांकतां येत नाहीं. हीं दोन्हीं विधानें एकाच वेळीं खरीं आहेत.

हाच प्रश्न आज आपल्या घरांत व्हिडिओ गेमच्या रूपानें येतो. पडद्यावरच्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राच्या अंगांत शिरतो. कांहीं खेळांत मुलगा व्हावें कीं मुलगी हें निवडतां येतें. पुष्कळांत पुरुषावांचून दुसरें पात्रच नसतें. घरांतील मुलीनें याचें कारण विचारलें, तर वडील माणसें दोहोंपैकीं एक निकाल देऊन मोकळीं होतात: 'असला खेळ टाकून दे', किंवा 'खेळ चांगला आहे ना, मग तक्रार कशाला?' दोन्ही निकाल घाईचे आहेत. न्याय करावयाचा तर तीन गोष्टी क्रमानें पाहाव्या.

पहिली गोष्ट, खेळ कोणा एका विशिष्ट व्यक्तीची कथा सांगतो काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ काढिला. असुरांनीं पळविलेल्या भावाच्या शोधांत निघालेली राजी ही त्याची नायिका. तेथें मुलगा होण्याची सोय नाहीं, आणि ती नसणें हा दोषही नाहीं. कथाच तिची आहे. हाच न्याय एका पुरुषाच्या कथेलाही लावला पाहिजे. सगळ्याच कथा पुरुषांच्या असतील, तर तो दोष दुकानांतल्या साऱ्या फळीचा. एकट्या खेळाच्या माथीं तो मारूं नये. बुद्धिबळांत तर कथाच नाहीं. आपल्याकडे राजाशेजारीं वजीर बसतो. युरोपांत त्याच मोहऱ्याची राणी झाली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजची दूरवर धांवण्याची शक्ति मिळाली. आपल्या पटावर वजीर वजीरच राहिला. तरी २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक नागपूरच्या दिव्या देशमुखनें जिंकला. हा पट खेळणाऱ्याला 'तूं कोण' असें विचारीतच नाहीं.

दुसरी गोष्ट, खेळ तसें विचारतो काय? जपानांत १९९६ सालीं निघालेल्या पहिल्या 'पोकेमॉन' खेळांत नायकाला नांव खेळणाऱ्यानेंच द्यावयाचें होतें. म्हणजे नायक तोच. पण नायक मुलगाच होता. मुलगी निवडण्याची सोय प्रथम २००० सालच्या 'क्रिस्टल' या आवृत्तींत झाली. आधींच्या खेळाची रचना त्यामुळें वाईट ठरत नाहीं. मात्र 'हा तूंच आहेस' हें त्याचें वचन मुलींच्या बाबतींत अपुरें राहिलें. जेथें वचन मोठें, तेथें उणीवही मोठी मानावी.

तिसरी गोष्ट, उणिवेचें कारण. २०१४ सालीं 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या खेळांत सोबत्यांसह खेळतांना स्त्रीपात्र कां नाहीं, असें विचारतां यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या अधिकाऱ्यानें, हालचालींच्या चित्रणाचें काम दुप्पट होईल, असें उत्तर दिलें. त्याच मालिकेवर पूर्वीं काम केलेल्या एका जाणत्यानें, तें एकदोन दिवसांचें काम आहे, असें जाहीर सांगितलें. खर्चाची सबब तपासून घ्यावी, ती अशी. दोघातिघांनीं पदरमोड करून केलेल्या खेळाला जी सवलत द्यावी, ती शेंकडों कामगारांच्या कंपनीला देण्याचें कारण नाहीं.

तेव्हां खेळाचें परीक्षण दोन रकान्यांत मांडावें. एकांत रचना, कथा, चित्रें, संगीत आणि आनंद. दुसऱ्यांत उणीव, तिचें वजन आणि तिचें कारण. एका रकान्यांतील जमा दुसऱ्यांतील नांवें पुसून टाकीत नाहीं. मुलीला उत्तर द्यावयाचें तें असें: 'खेळ चांगला आहे, तुझी तक्रारही खरी आहे.' असें उत्तर मिळालेली मुलगी खेळेलही आणि पारखही करील. आणि पुढें खेळ रचणाऱ्यांत तीच जाऊन बसली, तर नवल नाहीं.