गुटगुटीत बाळ आणि डॉक्टरांची शाळा

बाळ पाहायला गेले म्हणजे आपण प्रथम त्याचे गाल पाहतो. गाल भरलेले दिसले की "गुटगुटीत आहे हो!" असे म्हणून मोकळे होतो. परंतु गाल भरतात ते चरबीने. बाळाचे बळ असते स्नायूंत. हे स्नायू कसे घडतात, आणि ते नीट घडावेत म्हणून डॉक्टराने कोठे जाऊन शिकावे, ह्या दोन प्रश्नांचा आज आपण एकत्र विचार करू.

शरीरातील बहुतेक पेशी एकेकट्या राहतात. प्रत्येकीत एकच केंद्रक असते. स्नायूंची तऱ्हा निराळी. गर्भात प्रथम लहान लहान स्नायुजनक पेशी तयार होतात. त्या रांगेने एकमेकींना चिकटतात, मधल्या भिंती नाहीशा होतात आणि एक लांब तंतू बनतो. एकत्र कुटुंबासारखी ह्या तंतूत शेकडो केंद्रके नांदतात. असे तंतू किती व्हावयाचे, हे बहुतांशी जन्माच्या सुमारास ठरून जाते. पुढे आहाराने व व्यायामाने ते जाड होतात. संख्या फारशी वाढत नाही. १९६१ साली अलेक्झांडर माउरो ह्या शास्त्रज्ञाला बेडकाच्या स्नायूत तंतूंना बिलगून बसलेल्या काही पेशी आढळल्या. दुखापत झाली की ह्या राखीव पेशी जाग्या होऊन डागडुजी करतात. डागडुजीची सोय आहे खरी, पण पाया घातला जातो तो आईच्या उदरातच.

पाया घालताना सामान कमी पडले तर काय होते? ह्याचे उत्तर पुण्याजवळच्या ६ खेड्यांतून मिळाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ मध्ये तेथील मातांचा अभ्यास आरंभिला. त्यांच्या बाळांची इंग्लंडातील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केलेली तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. दंडाच्या व पोटाच्या मापांवरून आपल्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव बरेच लहान दिसले. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळ दिसायला कृश, पण चरबी राखून असलेले!

आता कोणी म्हणेल, खेड्यातल्या बाळाशी डोंबिवलीकराचा काय संबंध? संबंध आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. हे कोठार जन्मतःच लहान असले आणि पुढे कचेरीतले बैठे काम व लोकलचा प्रवास ह्यांत व्यायामाला फाटा मिळाला, तर मधुमेहाला वाट मोकळी होते, असे हे संशोधक मानतात. मुरबाड-शहापूरकडची अर्धपोटी माता आणि कल्याणचा मधुमेही कारकून, ह्या दोघांच्या दुखण्याचे मूळ अशा रीतीने एकाच ठिकाणी जाऊन भिडते.

हे ज्ञान मिळाले ते घरोघरी फिरून, साध्या फितीने व तराजूने. डहाणू तालुक्यातील कासा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तेथील प्रकल्पातही १९७० नंतरच्या दशकात गावातल्याच माणसांना शिकवून मुलांची वजने घेतली गेली. रुग्णालयात रोगी येतो तो पन्नाशीत. त्याच्या रोगाचे बीज मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात असते. खाटेशेजारी उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते स्वयंपाकघर कसे दिसावे? म्हणूनच १९६९ मध्ये सेवाग्रामला निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीकडे एक गाव सोपविण्याचा पायंडा पाडला. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमानेही विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक दिली आहेत. १९९२ पासून आपल्या कळव्यातही महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. उद्याचे डॉक्टर आपल्या दाराशीच घडत आहेत.

तेव्हा असा एखादा विद्यार्थी फीत घेऊन आला, तर त्याला दारातून परत पाठवू नका. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरहून कमी भरला, तर डॉक्टरांकडे जावयास हवे, हे त्याच्याकडून समजून घ्या. आणि घरात सून गर्भवती असेल, तर सगळ्यांच्या मागून तिने जेवावे ही रीत सोडा. त्याच खेड्यांत ज्या मातांच्या आहारात पालेभाजी व फळे अधिक वेळा होती, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. नातवाचे बळ तिच्या ताटात वाढले जात आहे, एवढे ध्यानात ठेविले तरी पुरे.