चार लिटर पाण्यात धुतलेली गाडी

नव्या गाडीची चकाकी आपण रंगाची मानतो. खरं तर ती रंगावर चढवलेल्या पारदर्शक थराची असते. 'क्लिअर कोट' नावाचा हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. दहा-बारा लाखांच्या गाडीची सगळी शान या एवढ्याशा थरावर उभी असते. आणि जालना जिल्ह्यात या थरावर रोज येऊन बसतो तो चक्क ज्वालामुखीचा चुरा.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे लोटच्या लोट पसरले आणि थिजून बेसाल्ट झाले. भोकरदनपासून परतूर-मंठ्यापर्यंत पायाखाली आहे तो हाच काळा पाषाण. तो झिजून आपली काळी कसदार माती झाली, अर्धवट कुजून मुरूम झाला आणि खडी केंद्रात फुटून रस्त्यावरची खडी आणि कच झाला. त्यामुळे बॉनेटवरच्या धुळीत दोन अगदी वेगळ्या वृत्तीचे कण एकत्र नांदतात. काळ्या मातीतली चिकणमाती म्हणजे जेमतेम नॅनोमीटरभर जाडीच्या पापुद्र्यांची चळत. ती मऊ असते, पण पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. दुसरे कण कचीचे आणि मुरमाचे. ते टोकदार असतात आणि क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण.

सकाळी कामावर निघताना कोरडं फडकं घेऊन गाडी खसाखसा पुसणारा माणूस ही कच बोटांनी दाबून टपापासून डिकीपर्यंत फिरवत असतो. त्याचा हिशेब दुपारच्या उन्हात दिसतो. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं उमटतात. पण नीट निरखून पाहिलं तर ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना अस्ताव्यस्त पसरलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाला नेमक्या कोनात आडवे येतात तेवढेच चमकून डोळ्यांत भरतात आणि सूर्याभोवती कडं रचतात. आपण दोन पावलं सरकलो की ते कडंही आपल्याबरोबर सरकतं. हात सरळ फिरला होता की गोल, याचा त्या वर्तुळांशी फारसा संबंध नाही.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे पाइप लावून भरपूर पाणी मारणं. घरगुती पाइपातून मिनिटाला पंधरा लिटर पाणी धरलं, तर दहा मिनिटांत दीडशे लिटर गटारात जातं. जालन्यात हा हिशेब नुसता कागदावर राहत नाही. शहराची तहान एकेकाळी निजामकालीन घाणेवाडी तलावानं भागवली. तिथून पाणी उतारानं आपोआप गावात येई. 2012-13च्या दुष्काळानं या शहराला टँकरच्या रांगेत उभं केलं. आता पैठणच्या नाथसागरातून जलवाहिनीनं पाणी येतं, पण ते दूरवरून उपसून आणलेलं. बंगळुरूत मार्च 2024मध्ये टंचाई वाढली, तेव्हा तिथल्या जलमंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि पाच हजार रुपयांचा दंड ठेवला.

कोरडं पुसावं तर ओरखडे, पाणी मारावं तर नासाडी. या पेचातून वाट काढणारी एक युक्ती बाटलीत मिळते. तिला 'रिन्सलेस वॉश' म्हणतात. या द्रावणानं गाडी पुसायची आणि वरून पाणी मारायचंच नाही. या प्रकारातलं 'ऑप्टिमम नो रिन्स' हे जगभर माहीत असलेलं द्रावण 256 भाग पाण्याला एक भाग, एवढंच लागतं. म्हणजे चार लिटर पाण्यात सुमारे 15 मिलिलिटर, चहाचे तीन चमचे. एवढ्याशा औषधात अख्खी गाडी निघते कशी?

उत्तराचा पहिला धागा जर्मनीतल्या एका स्वयंपाकघरात सापडतो. ब्राउनश्वाइग गावच्या आग्नेस पॉकेल्स या तरुणीला मुलगी म्हणून विद्यापीठाचं दार बंद होतं. घरची भांडी विसळताना तिनं खरकट्या पाण्याच्या पृष्ठभागाचा अभ्यास मांडला. तेलाचा, साबणाचा अंश पडला की पाण्याचा वरचा ताण कसा बदलतो, हे तिनं स्वतः बनवलेल्या पत्र्याच्या पन्हाळीत मोजलं. शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांच्या पुढाकारानं 1891मध्ये तिचं पत्र 'नेचर'मध्ये छापून आलं. पुढे याच वाटेनं गेलेल्या अर्व्हिंग लँगम्युअर यांना 1932चं नोबेल मिळालं.

या अभ्यासाचं सार असं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून मेण लावलेल्या बॉनेटवर पाण्याचे टपोरे थेंब बनतात आणि धुळीच्या कणाखाली शिरत नाहीत. साबणासारख्या पदार्थाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे धावतं, दुसरं पाण्याला टाळून तेलाशी सलगी करतं. असे रेणू मिसळले की पाण्याचा पृष्ठताण 72वरून 30 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास घसरतो. मग पाणी पसरतं, कणाच्या बुडाशी सरकतं आणि त्याची पकड सैल करतं. आपल्याकडे सोन्याचे दागिने आणि रेशमी वस्त्रं रिठ्याच्या पाण्यात धुतात, त्यामागेही हेच रसायन आहे. रिठ्यातलं सॅपोनिन हा अशाच दुतोंडी रेणूंचा साठा.

पण नुसता साबण असता तर तो धुऊन काढावाच लागला असता. इथे कामाला येतात पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळ्यांचे रेणू. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ गोळा होऊन तळाशी बसतो, तसाच काहीसा डाव इथे चालतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. अनेक द्रावणांतल्या साखळ्या अशा कणांना बिलगतात आणि त्यांच्याभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात. कण रंगावर घासण्याऐवजी घसरतो आणि फडक्याच्या लवेत अडकतो. गाडीवर मागे उरतो तो इतका विरळ थर की कोरड्या कापडानं पुसला की चकाकी तेवढी शिल्लक राहते. भांड्याचा साबण किंवा केसांचा शाम्पू वापरला तर हे जमत नाही. त्यांचा फेस डागांसकट वाळतो.

आता कृती. गाडी सावलीत आणि गार हवी. जालन्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तापलेल्या पत्र्यावर द्रावण पुसण्याआधीच वाळतं. म्हणून सकाळची वेळ बरी. हेच द्रावण फवारणीच्या बाटलीत भरून आधी एका भागावर मुबलक मारावं आणि मिनिट-दोन मिनिटं थांबावं. हे थांबणं फार महत्त्वाचं, कारण कण सैल होण्याचं अर्धं काम तेव्हाच उरकतं. मग द्रावणात भिजवलेलं मायक्रोफायबरचं फडकं चौघडी घालून, हाताचा भार न देता, सरळ एकाच दिशेनं ओढावं. पुन्हा मागे आणू नये. चौघडीच्या एकाच फडक्याला आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मळली की उलटावी, मळलेलं फडकं बादलीत परत बुडवू नये. सुरुवात टपापासून, मग काचा, बॉनेट, दारं. शेवटी खालच्या पट्ट्या, कारण सगळ्यात जास्त कच तिथे असते. चाकांचं फडकं वेगळंच ठेवावं. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. भाग ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्यावा आणि मगच पुढच्या भागाकडे वळावं.

मायक्रोफायबरचे तंतू केसाहून कितीतरी पट बारीक आणि चिरलेले असतात. त्यांच्या फटींमध्ये धूळ जाऊन बसते, म्हणून जालन्याच्या कापसाचं सुती फडकं इथे चालत नाही. ही फडकी धुतानाही सुती कपड्यांत टाकू नयेत आणि कपडे मऊ करणारं द्रव घालू नये, त्यानं फटी बुजतात. फडकी धुवायला थोडं पाणी लागतंच, पण तरी दीडशे लिटरच्या पासंगाला पुरणार नाही.

फक्त चार लिटरच लागत असल्यानं आणखी एक सोय होते. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके पडतात. चार लिटर गोडं पाणी मात्र कुणालाही बाजूला काढता येतं. आरओ यंत्रातून फेकलं जाणारं पाणी वापरू नये, क्षार त्यातच जास्त असतात.

या युक्तीलाही मर्यादा आहेत. पावसाळ्यात शिवाररस्त्यानं गेलेली गाडी काळ्या चिखलानं माखून परतली, तर रिन्सलेस वॉश उपयोगाचा नाही. चिखलाच्या थरात किती कच दडली आहे, हे दिसत नाही. तो आधी पाण्यानंच उतरवावा लागतो. समृद्धी महामार्गावरच्या वेगानं बंपरवर चिकटलेले किडे आधी ओल्या फडक्यानं भिजवत ठेवावेत, खरवडू नयेत. जालन्याची ओळख असलेल्या सळईच्या कारखान्यांजवळ गाडी उभी राहत असेल, तर रंगात रुतलेल्या लोखंडाच्या कणांचे तांबूस ठिपके या द्रावणानं जाणार नाहीत. त्यासाठी लोखंड विरघळवणारं वेगळं रसायन लागतं.

थोडक्यात, रोजच्या धुळीला रिन्सलेस वॉश, चिखलाला पाणी आणि धुळीवर फिरणाऱ्या कोरड्या फडक्याला रजा. एवढं पाळलं तरी रंग टिकेल आणि दर धुण्यामागे शंभर लिटरहून जास्त पाणी वाचेल. ज्या जिल्ह्यानं टँकरची वाट पाहिली आहे, त्याला याहून वेगळं कारण सांगायची गरज नाही.