थोरला रॉड्रिग्ज

मोटारींच्या शर्यती हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे आधीच मान्य करून टाकलेले बरे. मेक्सिकोच्या पेद्रो आणि रिकार्दो रॉड्रिग्ज या दोन भावांविषयी लिहिताना तर ते मान्य करावेच लागते. त्यांचे वडील मेक्सिको सिटीतील सधन गृहस्थ. मुले आधी सायकलींच्या शर्यतीत उतरली, मग मोटरसायकलींच्या, आणि मिसरूड फुटण्यापूर्वीच परदेशी बनावटीच्या शर्यतीच्या मोटारी त्यांच्या हाती आल्या. ज्याच्या घरात पहिला पदवीधर अजून व्हायचा आहे, अशा माझ्यासारख्याला हे वाचून प्रथम मत्सरच वाटला. पण थोरल्या भावाची, पेद्रोची, पुढची हकीगत कळली आणि तो मत्सर कुठल्या कुठे गेला.

पेद्रोचा जन्म १८ जानेवारी १९४० चा. रिकार्दो त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. पेद्रो १९५३ व १९५४ साली मोटरसायकलींच्या शर्यतीत राष्ट्रीय विजेता ठरला होता. तरीही घरातला खरा चमत्कार म्हणजे धाकटा, असेच सर्वांचे मत होते आणि त्याला कारणही होते. १९५७ साली कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे पंधरा वर्षांच्या रिकार्दोने आपल्या गटातील शर्यत जिंकली. १९५८ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत वय कमी म्हणून त्याला प्रवेशच नाकारला. १९६० साली तो तेथे दुसरा आला. १९६१ च्या सप्टेंबरात इटलीतील माँझा येथे फेरारीने त्याला आपली गाडी दिली. त्याची ही पहिलीच फॉर्म्युला वन शर्यत. सरावाच्या वेळांवरून सुरुवातीच्या जागा ठरतात. त्यात हा एकोणीस वर्षांचा पोरगा दुसऱ्या जागेवर होता! (मीही आज एकोणीस वर्षांचाच आहे, आणि मला अजून वडिलांच्या टेंपोची किल्लीसुद्धा मिळत नाही.) एवढ्या लहान वयात पहिल्या रांगेत उभे राहण्याचा त्याचा विक्रम २०१६ पर्यंत अबाधित होता.

१९६२ साली मेक्सिको सिटीत पहिली मेक्सिकन ग्रां प्री भरली. ती जागतिक स्पर्धेत धरली जाणार नव्हती, म्हणून फेरारीने गाड्या पाठवल्या नाहीत. आपल्याच गावातली शर्यत, तेव्हा रिकार्दोने दुसऱ्या संघाची लोटस गाडी घेतली. १ नोव्हेंबरला सरावात ‘पेराल्तादा’ नावाच्या लांबलचक वेगवान वळणावर गाडी कठड्यावर आदळली आणि तो गेला. वय वर्षे वीस. मेक्सिकोत ते दिवस मृतांच्या स्मरणाच्या सणाचे असतात.

पेद्रोने शर्यती सोडून देण्याचा विचार केला. कोणीही केला असता. परंतु १९६३ च्या फेब्रुवारीत तो अमेरिकेतील डेटोना येथे पुन्हा गाडीत बसला आणि ती शर्यत जिंकला. मला वाटते, पेद्रोची खरी कारकीर्द येथून सुरू होते. तोवर तो ‘रिकार्दोचा भाऊ’ होता. पैसा तोच होता, गाड्याही त्याच होत्या. पण ज्याच्याशी रोज बरोबरी करायची तोच राहिला नव्हता. त्यानंतरची चार वर्षे फॉर्म्युला वनमध्ये त्याला वर्षाकाठी दोन-चारच शर्यती मिळाल्या, त्याही बहुधा अमेरिका आणि मेक्सिकोतल्या. धाकट्याला जे एकोणिसाव्या वर्षी मिळाले त्यासाठी थोरल्याला सत्ताविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले.

२ जानेवारी १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे तो कूपर-मासेराती घेऊन उतरला. ऱ्होडेशियाचा जॉन लव्ह शेवटपर्यंत पुढे होता. थोड्याच फेऱ्या उरल्या असताना त्याला इंधनासाठी थांबावे लागले आणि पेद्रो जिंकला. नशीब म्हणा हवे तर. गंमत अशी सांगतात की, मेक्सिकन जिंकेल हे संयोजकांच्या ध्यानीमनीही नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे त्या देशाचे राष्ट्रगीतच नव्हते. म्हणून त्यांनी एका मेक्सिकन नाचाचे संगीत वाजवले. तेव्हापासून म्हणे पेद्रो राष्ट्रगीताची तबकडी स्वतःच बरोबर बाळगू लागला. पुढच्याच वर्षी लुसियन बियांकीच्या साथीने त्याने ल मांची शर्यतही जिंकली.

पण पेद्रोचे नाव झाले ते पावसाने. ओल्या रस्त्यावर वेगात गेले की टायर आणि रस्ता यांमध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो आणि गाडी रस्त्यावर न राहता पाण्यावर तरंगू लागते. मग ब्रेक काय आणि स्टिअरिंग काय, दोन्ही नावापुरतीच. शिवाय कोरड्या दिवसांत ज्या पट्ट्यावरून सगळे जातात तेथे रबर आणि तेल चोपडले गेलेले असते; पाऊस पडला की नेमका तोच पट्टा निसरडा होतो. तेव्हा रोजची वाट सोडून खडबडीत कडेने जायचे आणि पाय हलका ठेवायचा. माझ्या वडिलांना हे वाचून दाखवले तर ते म्हणाले, “यात नवीन काय? घाटात असंच चालवतात.” फरक एवढाच की पेद्रो हे घाटातल्या वेगाच्या कितीतरी पट वेगाने करीत असे.

१२ एप्रिल १९७० रोजी इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅच येथे हजार किलोमीटरची शर्यत धो धो पावसात सुरू झाली. सुरुवातीलाच अपघात झाला. पिवळा झेंडा असताना पुढे जाऊ नये हा नियम, पेद्रो गेला. काळा झेंडा दाखवून त्याला आत बोलावले आणि अधिकाऱ्याने चांगलेच फैलावर घेतले. तो मुकाट्याने ऐकत बसला, मग बाहेर पडला आणि एकेक करीत सर्वांना मागे टाकीत गेला. पोर्शे ९१७ ही अत्यंत बलदंड आणि म्हणूनच पावसात अत्यंत अवघड गाडी. जोडीला फिनलंडचा लेओ किनुनेन होता, तरी बहुतेक वेळ गाडी पेद्रोनेच चालवली. शेवटी दुसरी आलेली गाडी पाच फेऱ्या मागे होती. पाच फेऱ्या! पैशाने पोर्शे मिळते, हे मिळत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये बेल्जियममधील स्पा येथे त्याने दुसरी आणि शेवटची ग्रां प्री जिंकली, तीही कोरड्या रस्त्यावर. चौदा किलोमीटरची एक फेरी, अशा अठ्ठावीस. सरासरी वेग ताशी २४१ किलोमीटर. मागे लागलेला ख्रिस एमन अवघ्या १.१ सेकंदाने हरला.

२७ जून १९७१ रोजी ऑस्ट्रियात तो हजार किलोमीटरची शर्यत जिंकला. पुढे एक रविवार मोकळा होता. पश्चिम जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहराच्या नोरिसरिंग मार्गावर एक कमी महत्त्वाची शर्यत होती. त्यासाठी त्याने दुसऱ्याच्या मालकीची फेरारी घेतली. हीही जागतिक स्पर्धेबाहेरची शर्यत आणि ऐनवेळी घेतलेली परकी गाडी, धाकट्यासारखीच. ११ जुलैला ती भिंतीवर आदळून पेटली. पेद्रो एकतीस वर्षांचा होता.

त्यानंतर फॉर्म्युला वन जिंकणारा पुढचा मेक्सिकन निघायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये सेर्हिओ पेरेझ पहिल्याच फेरीत शेवटच्या जागी फेकला गेला आणि तरीही जिंकला. मेक्सिको सिटीतील शर्यतमार्गाला दोघा भावांचे, ‘एर्मानोस रॉड्रिग्ज’ असे नाव आहे. तेथे २०१५ पासून पुन्हा ग्रां प्री भरू लागली, पण मार्ग आता एका स्टेडियममधून वळवला आहे. त्यामुळे गाड्या पेराल्तादाच्या केवळ उत्तरार्धातूनच जातात.