समीकरणावरून शांकवांची ओळख

वर्तुळ, विवृत्त, अन्वस्त आणि अपास्त हे चार शांकव, म्हणजे शंकूला सपाट प्रतलाने छेदले असता मिळणारे वक्र. अकरावीची मुले त्यांची प्रमाण समीकरणे मुखोद्गत करतात. परंतु वक्र अक्षांशी तिरपा असला की पाठांतर निरुपयोगी ठरते. क्ष × य = १ या समीकरणात एकही वर्ग नाही; तरीही ते अपास्ताचेच आहे.

अशा वेळी समीकरण अ·क्ष² + ब·क्ष·य + क·य² + ड·क्ष + ई·य + फ = ० या रूपात मांडावे आणि ब² − ४·अ·क ही राशी काढावी. ती ऋण आल्यास विवृत्त, शून्य आल्यास अन्वस्त, धन आल्यास अपास्त. ब शून्य असून अ व क समान असतील, तर ते विवृत्त म्हणजे वर्तुळ.

ही कसोटी विश्वसनीय का? क्ष × य = १ चे अक्ष ४५ अंशांनी फिरविले असता तेच समीकरण क्ष²/२ − य²/२ = १ असे होते. अ, ब, क हे तिन्ही सहगुणक पालटले. राशी मात्र आधीही १ होती, नंतरही १ च राहिली. अक्ष आपण आखलेले असतात. वक्राचा प्रकार (‘जात’ हा शब्द येथे हेतुतः टाळतो) त्यांवर अवलंबून नसतो.

इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मला या वक्रांच्या ग्रीक नावांचे अधिक अप्रूप वाटते. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस पर्गा येथील अपोलोनियसने ती योजिली. वक्रावरील बिंदूच्या अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग त्याने शिरोबिंदूपासूनचे अंतर आणि एक ठराविक लांबी यांच्या आयताशी ताडून पाहिला. वर्ग उणा पडला तर एलिप्सिस, तंतोतंत जुळला तर पॅराबोली, अधिक भरला तर हायपरबोली. आपल्या राशीची ऋण, शून्य आणि धन ही चिन्हे नेमके हेच सांगतात. आणि देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ निघाला तो १६३७ मध्ये! अपोलोनियसच्या आठ खंडांपैकी पाचवा ते सातवा केवळ अरबी भाषांतरामुळे वाचले, जसे आपले कित्येक संस्कृत बौद्ध ग्रंथ चिनी व तिबेटी भाषांतरांतून उरले. आठवा खंड लुप्त झाला.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. क्ष² − य² = ० येथे राशी धन येते, पण आलेखात केवळ दोन छेदणाऱ्या रेषा उमटतात. क्ष² + य² + १ = ० ची राशी वर्तुळासारखी ऋण आहे; त्याचा आलेख काढू गेल्यास कागद कोराच राहतो.